पाणी माझंच आहे

१५ जानेवारी

चि. ठिणगे,

फोनवर तू ओरडतेस आणि मला ऐकू येत नाही. मग मी ओरडते आणि तुला वाटतं आत्या चिडली. त्यापेक्षा पत्र बरं. तसं तुझं अक्षरही ओरडतं, पण तेव्हा मी चष्मा काढून ठेवू शकते.

डाव्या गुडघ्याची तक्रार तुला अर्धवट माहीत आहे. दीड वर्षापूर्वी तो बदलला, त्यानंतर वर्षभर शहाण्यासारखा वागला. ऑक्टोबरपासून जिना उतरताना आत कुणीतरी दात खातंय असं वाटायला लागलं. मग सूज आली. मग हात लावला की ऊब, नुकत्याच रिकाम्या केलेल्या कपासारखी. मी म्हटलं, एकाहत्तरीत कुठे ना कुठे ऊब असायचीच.

शेवटी गेले हॉस्पिटलात. ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर निवृत्त झालेत. त्यांच्या जागी नवीन आले आहेत, ते सगळ्याच बायकांना आजी म्हणतात आणि कुणाकडेच बघत नाहीत. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरणीने सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. वर दोन बाटल्या आणि चिठ्ठी माझ्याच हातात दिली, ‘खाली लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणाली. म्हणजे पेशंटही मीच आणि हमालही मीच. लॅबच्या बाकावर पाऊण तास बसले. आतल्या किडकिडीत टेक्निशियनने मला पाय वर ठेवायला स्वतःची खुर्ची आणून दिली, एवढीच त्या दिवसाची बरी गोष्ट.

रिपोर्ट आला आहे. तू पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पेशी मोजतेस, तर आत्याच्याही मोज. उतरवून पाठवते, एक काना इकडचा तिकडे नाही:

सांध्यातील पाणी, डावा गुडघा. पांढऱ्या पेशी ४,२००. त्यात न्यूट्रोफिल ८२ टक्के. कल्चर: पाच दिवसांत वाढ नाही. शेरा: पेशी पन्नास हजारांच्या आत, जंतुसंसर्ग संभवत नाही.

डॉक्टर म्हणाले, संसर्ग नाही म्हणजे नुसती सूज. सोमवारी गुडघ्यातच सूज उतरवणारं इंजेक्शन देणार आहेत. काळजी करू नकोस. फक्त तो न्यूट्रोफिल म्हणजे कोण, ते कळव.

तुझी आत्या

*

१८ जानेवारी

आत्या,

सोमवारी ती सुई घेऊ नकोस. हे वाक्य आधी वाच, दोनदा वाच, मग पुढे जा.

काल रिपोर्ट वाचल्यापासून मी फोन करते आहे. वाजतो आणि थांबतो. तुझ्या हॉस्पिटललाही केला. पलीकडची बाई म्हणाली, रिपोर्ट नॉर्मल आहे, डॉक्टर कामात आहेत. मी म्हटलं, नॉर्मल नाही. ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, नाही, मी त्या पेशी मोजणारी आहे. तिने फोन ठेवला.

आता ऐक. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू घुसले की सगळ्यात आधी धावत येणाऱ्या पांढऱ्या पेशी. माणसाचा स्वतःचा गुडघा असेल तर पन्नास हजारांच्या वर पेशी गेल्या की आम्ही धास्तावतो. पण कृत्रिम सांध्याची रेघ तिथे नसते. तिथे जंतू धातूवर चिकट थर करून दबा धरून बसतात, आरडाओरडा करत नाहीत. म्हणून कृत्रिम सांध्यात तीन हजारांच्या वर आकडा गेला आणि त्यात न्यूट्रोफिल ऐंशी टक्क्यांच्या पुढे असले, तर संसर्ग आहे असंच धरून पुढची पावलं टाकायची. तुझे चार हजार दोनशे आणि ब्याऐंशी. हा नॉर्मल रिपोर्ट नाही, ही शिट्टी आहे. त्या माणसाने ती वाजताना ऐकली आणि खाली लिहिलं, शांतता आहे.

आणि कल्चर. पाण्याचे थेंब बशीत पेरून काही उगवतं का ते बघायचं. कृत्रिम सांध्यातले जंतू आळशी असतात, उगवायला दहा-बारा दिवस घेतात. चौदा दिवस बशी ठेवायची असते. यांनी पाचव्या दिवशी फेकली.

अशा गुडघ्यात सूज उतरवणारं औषध सोडणं म्हणजे चोर घरात असताना कुत्र्याला गुंगीचं औषध देणं. दुखणं थांबेल. तेच तर वाईट आहे.

त्या किडकिडीत माणसाची खुर्ची घाल चुलीत. त्याला साधी रेघ कुठे मारायची कळत नाही. तो ज्या जागी बसतो तिथे बसायचा त्याला हक्क नाही.

घेऊ नकोस.

ठिणगी

*

२४ जानेवारी

चि. ठिणगे,

तुझं पत्र सोमवारी संध्याकाळी मिळालं. सुई सकाळी झाली होती.

रागावू नकोस, कारण मला खरंच बरं वाटतंय. ऊब गेली. काल तीन मजले चढून आले आणि मध्ये कठड्याला धरलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, आजी, तुम्ही तर पळायला लागलात. तेव्हा आकडे काही म्हणोत, गुडघा माझ्याशी गोड बोलतोय.

पत्र नीट वाचलं. दोनदा नाही, चारदा. तू एका शब्दाखाली दोन-दोन रेघा मारल्या आहेस, तिथे कागद फाटला आहे.

एक मागणं आहे. त्या लॅबला काही लिहू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हात जोडून सांगते. चूक कुणाकडूनही होते. तो माणूस भला आहे. माझं ऐक, झालं ते झालं.

तुला लहानपणी ठिणगी नाव मीच ठेवलं होतं, कौतुकाने. त्याचा वणवा करू नकोस.

आत्या

*

३० जानेवारी

आत्या,

‘झालं ते झालं’? हे तू म्हणतेस?

छापखान्यात एकतीस वर्षं तू प्रुफं तपासलीस. एका ऱ्हस्व वेलांटीसाठी चालू मशीन थांबवलंस, मालक बोंबलत आला तर त्याला म्हणालीस, ‘चूक भल्या माणसाने केली म्हणून ती बरोबर होत नाही.’ ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की मला ती पाढ्यासारखी पाठ आहे. आता स्वतःच्या हाडाची गोष्ट आली तर एकदम गाय झालीस? खुर्ची दिली म्हणून?

मला तुझा इतका राग आला आहे की पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन तुला झेपली नसती.

लॅबच्या प्रमुखांना मी लिहिलं. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच टाकलं होतं, आणि नंतर आलं असतं तरी टाकलंच असतं. त्यातला शेवट तुला कळावा म्हणून देते: ‘कृत्रिम सांधा आणि नैसर्गिक सांधा यांतला फरक ज्याला कळत नाही, अशा व्यक्तीला मायक्रोस्कोपसमोर बसू देऊ नये. ही चूक अज्ञानाची असेल तर शिक्षण द्यावं, निष्काळजीपणाची असेल तर काम काढून घ्यावं.’ मला एका शब्दाचाही पस्तावा नाही.

आम्ही कसं काम करतो तुला माहीत नाही. बोटभर काचेवर चौकटी आखलेल्या असतात. त्यात थेंब सोडायचा आणि एकेक पेशी बघून हातातलं बटण दाबायचं. टिक, टिक, टिक. चार हजार दोनशे हा आकडा त्या माणसाने डोळ्यांनी बघितला आहे. ब्याऐंशी टक्के त्याने बोटाने दाबले आहेत. आणि तरी.

तुझं दुखणं सुईचा असर उतरला की परत येईल. आलं की लगेच कळव. ‘बरी आहे’ लिहिलंस तर मी समजेन की खोटं बोलतेस.

ठिणगी

*

२० फेब्रुवारी

मॅडम,

तुमच्या तक्रारीचं उत्तर प्रमुखांनी द्यायचं आहे, ते देतील तेव्हा देतील. हे मी माझ्या जबाबदारीवर लिहितो आहे. तुमच्या आत्याबाईंच्या पाण्याचा रिपोर्ट मीच केला होता.

तीन आठवडे मला मायक्रोस्कोपवर बसू दिलेलं नाही. खिडकीवर लघवीच्या डब्या घेतो आणि नंबर घालतो. बावीस वर्षांनी. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्या लॅबने वाचलं आहे. प्रमुखांनी ते फळ्यावर लावलं.

सोबत त्या दिवशीच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे. मूळ चिठ्ठी फाइलला आहे. नीट बघा. डॉक्टरांकडून आलेला मजकूर असा: ‘डाव्या गुडघ्यातील कृत्रिम सांध्याचे पाणी, पेशी व कल्चर.’ त्यातले ‘तील कृत्रिम सांध्या’ एवढे शब्द खोडले आहेत. लाल पेन्सिलीने, एका सरळ रेघेने, आणि रेघेला वर वळवून शेपटी काढली आहे. राहिलं काय? ‘डाव्या गुडघ्याचे पाणी.’ प्रतीत लाल रंग काळा दिसेल, पण शेपटी दिसेल. आमच्या हॉस्पिटलात लाल पेन्सिल कुणाकडेच नाही. मी सगळ्या मजल्यांवर विचारून आलो.

मला वाटलं, डॉक्टरांनीच दुरुस्ती केली. इतक्या स्वच्छ हाताने खोडलं होतं की शंका यायला जागा नव्हती. चिठ्ठीवर जे लिहिलं आहे त्याच्यासाठी जी रेघ आहे ती मी लावली. कल्चरही साध्या गुडघ्याचं म्हणून पाच दिवस ठेवलं. मला तीन हजार आणि ऐंशी टक्के माहीत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. मी ते इथल्या चार जणांना शिकवलं आहे.

तुम्हीही याच कामातल्या. तुमच्याकडे चिठ्ठी येते तेव्हा तुम्ही पेशंटचा पायजमा वर करून बघता का?

राहता राहिलं एक. बावीस वर्षांत कल्चर कोरं आणि न्यूट्रोफिल ब्याऐंशी, असं जुळत नसलं की मी वर फोन करतो. त्या दिवशी केला नाही. कामं तुंबली होती, हे कारण नाही, नुसतं सांगतो आहे. याची शिक्षा मिळाली तर मी घेईन. तुम्ही लिहिलेल्या गुन्ह्याची घेणार नाही.

आपला,
खुर्ची देणारा

*

२५ फेब्रुवारी

आदरणीय आत्याबाई,

सोबतच्या कागदावर शेपटीवाली रेघ आहे. ही रेघ मी ओळखते. माझ्या शाळेच्या प्रत्येक निबंधावर ती होती.

कृपया खालील गोष्टींचा खुलासा करावा.

ही रेघ आपण मारलीत का.

मारली असेल तर का.

आणि हे आपल्या लक्षात कधी आलं. मला या तिसऱ्याचं उत्तर हवं आहे. पहिली दोन मला अंदाजाने कळली आहेत.

आपली नम्र

*

४ मार्च

ठिणगे,

‘आपण’ आणि ‘कृपया’ काढून टाक. मला शिव्या दे, पण ‘आदरणीय’ म्हणू नकोस. घरात मयत झाल्यासारखं वाटतं.

रेघ मीच मारली.

बाकावर पाऊण तास बसले होते. हातात दुसरं काही वाचायला नाही, ती चिठ्ठी होती. पेन्सिल पिशवीत असतेच, निवृत्त झाले म्हणून ती काही निवृत्त झाली नाही. चिठ्ठीत लिहिलेलं, ‘कृत्रिम सांध्याचे पाणी’. मी मनात म्हटलं, सांधा कृत्रिम आहे, मान्य. पण पाणी त्याचं कसं? पाणी माझंच आहे. लोखंडाला पाणी सुटत नाही, बाईला सुटतं. विशेषण चुकीच्या ठिकाणी पडलं आहे. हात आपोआप गेला. एकतीस वर्षांत असे लाखभर शब्द उडवले असतील, एकाही शब्दाने कुणाचा पाय नेला नव्हता.

हे झालं व्याकरण. तू विचारशील, एवढंच? नाही. तो शब्द मला आवडत नाही. दीड वर्षात त्या गुडघ्याला घेऊन मी बाजारात गेले, जिने चढले, एकदा पडले आणि उठले. तो माझा झाला होता. कुणी येऊन त्याला कृत्रिम म्हटलं की वाटतं, माझ्यातच कुणीतरी भाडेकरू म्हणून राहतोय. पेन्सिल हातात होतीच, काढून टाकला.

आता तिसरं. तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं. त्या शब्दाखाली तू रेघा मारल्या होत्यास ना, तिथे डोळा अडकला आणि माझी लाल रेघ आठवली. सुई झाल्यावर बारा तासांनी. म्हणजे चोवीस जानेवारीला मी तुला लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. लॅबला लिहू नकोस म्हणाले ते भलेपणाने नाही. चोराच्या मनात चांदणं होतं.

मला लाज वाटली. माणसाने मेलं तरी चालेल पण प्रूफात चूक राहू नये, असं मानून जगलेली बाई मी. ती चूक माझ्याच पेन्सिलीची निघाली, हे तुला कसं सांगू. त्यात तू माझ्या वेलांटीची गोष्ट लिहिलीस. ते पत्र वाचून मी दोन दिवस कपाट आवरत बसले.

जर मी तेव्हाच सांगितलं असतं तर, असं तू म्हणशील. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणता आलं असतं. मला तर या वयात त्याही फुटायला लागल्या आहेत, पण उपयोग काय.

गुडघा परत सुजला आहे. सुईचा असर पाच आठवडे टिकला. आता रात्रीचं कूस बदलता येत नाही, सकाळी जिना उतरायला वीस मिनिटं लागतात. हे मी खरं लिहिते आहे.

काल डॉक्टरकडे गेले आणि सगळं सांगितलं. पेन्सिल दाखवली. मग विचारलं, मी तर शब्द खोडला, पण तुम्हाला माहीत होतं ना हा गुडघा बदललेला आहे? वण ढळढळीत दिसतोय. चार हजार दोनशे वाचून तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? तर म्हणतात, ‘आजी, दिवसाला साठ रिपोर्ट येतात, मी शेराच बघतो. शेवटची ओळ.’

मी त्यांना म्हटलं, ‘मी तुमची आजी नाही. आणि शेवटची ओळ बघून पुस्तक छापलं असतं तर मला पहिल्याच महिन्यात हाकललं असतं.’ इतक्या जोरात बोलले की बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावले. आयुष्यात डॉक्टरवर पहिल्यांदा ओरडले. बरं वाटलं. नंतर रिक्षात बसून रडले, तेही लिहून टाकते.

पुन्हा पाणी काढायचं ठरलं आहे, बारा तारखेला.

आता माझा राग. त्या माणसाला तू डब्यांच्या खिडकीवर नेऊन बसवलंस. मी लपवलं हे खरं, पण तू तरी चिठ्ठी मागवून बघितलीस का? रिपोर्टची एक नक्कल बघितलीस, तीही माझ्या हातची, आणि फाशी देऊन मोकळी झालीस. तूही शेवटचीच ओळ वाचलीस, बाई.

आत्या

*

८ मार्च

आत्या,

तुझं पत्र दुपारी आलं. डबा तसाच ठेवून मी लॅबमध्ये परत गेले आणि गेल्या तीन महिन्यांच्या सांध्यातल्या पाण्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. एकोणचाळीस. त्यातल्या सात जणांच्या चिठ्ठीवर सांधा कुणाचा आहे, स्वतःचा की बसवलेला, एक अक्षर नाही. सातही रिपोर्टांवर माझी सही आहे. सातही ठिकाणी मी पन्नास हजारांची रेघ लावली आहे. एकालाही फोन केलेला नाही.

आज चार जणांना फोन झाले. एकाचा खुबा बदललेला निघाला. त्याच्या पेशी एकोणीसशे होत्या, म्हणून वाचला. मी वाचवला नाही.

हे वाचून तू लगेच मऊ होशील, म्हणून सांगते: माझा तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. रेघेचा नाही. रेघ मला समजते, ‘पाणी माझंच आहे’ वाचून मी हसलेसुद्धा, मग स्वतःवरच चिडले. माझा राग सहा आठवड्यांचा आहे. चोवीस जानेवारी ते चार मार्च. तू तिथे तो सुजणारा पाय घेऊन बसलीस आणि इथे मी एका परक्या माणसाला जाळत होते, आणि तू ते बघत होतीस. लाज वाटली म्हणतेस. लाजेपायी माणूस पाय देतो का? मला सांगायला तुला इतकं भ्यावं लागतं? मी एवढी भयंकर आहे?

तसं असेल तर तेही लिही.

प्रमुखांना पत्र टाकलं आहे. माझी तक्रार माझ्याच चुकीच्या समजुतीवर उभी होती, असं लिहिलं, फळ्यावर हेही लावा म्हटलं. त्यालाही वेगळं लिहिलं. त्यात माफी एका ओळीची आहे. उरलेल्या पानभर, फोन का केला नाहीस म्हणून भांडले आहे. माझे सात आकडेही त्याला कळवले. त्याला कळेल.

बारा तारखेसाठी: त्याआधी कुणीही जंतुनाशकाच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नकोस, जंतू लपतात. चिठ्ठी डॉक्टरणीला तुझ्यासमोर लिहायला लाव. बशा चौदा दिवस ठेवायच्या, हे त्यावर लिहून घे. पेन्सिल घरी ठेवून जा.

ठिणगी

*

२७ मार्च

ठिणगे,

पेन्सिल घरी ठेवून गेले होते. हात चुळबुळत होते, पण चिठ्ठी जशीच्या तशी दिली.

खिडकीवर तोच माणूस होता. मला बघून उठून उभा राहिला आणि खुर्ची आणली नाही. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचली, उलटी करून बघितली, उजेडाला धरली. मी म्हटलं, ‘बघा, नीट बघा, आज अस्सल आहे.’ तो म्हणाला, ‘मला लेखी नको. तोंडाने सांगा. गुडघा कुणाचा?’

सगळ्या रांगेसमोर मी सांगितलं, ‘कृत्रिम आहे.’ मग विचारलं, ‘मागच्या वेळी का नाही विचारलंत?’ तो म्हणाला, ‘मागच्या वेळी का खोडलंत?’  मागच्या बाईने विचारलं, तुमचं झालं असेल तर मी डबी देऊ का.

त्याला मायक्रोस्कोपवर परत घेतलं आहे, त्याच दुपारपासून. माझी काच त्याने स्वतः मोजली. अकरा हजार सहाशे, न्यूट्रोफिल एक्याण्णव टक्के. बशी पाचव्या दिवशी कोरी होती. सातव्या दिवशी कोरी. नवव्या दिवशीही. अकराव्या दिवशी कडेला टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले. मी डॉक्टरांकडे गेले होते, तिथे तो वर येऊन सांगून गेला. म्हणाला, ‘मागची बशी चौदा दिवस ठेवली असती तर तिच्यातही आलं असतं का, मी विचार करतोय.’ मी म्हटलं, ‘करा. मीही करतेय.’

तू मला विचारलंस, तू भयंकर आहेस का. नाहीस. पण तू लहान असताना मी तुझे निबंध लाल करून द्यायचे आणि तू रडत नसायचीस, फक्त बघायचीस. तू मोठी होऊन माझा कागद तपासशील तेव्हा तशीच बघशील, एवढीच भीती होती. तीस वर्षं जिला चुका दाखवल्या तिला आपली चूक दाखवायची म्हणजे काय असतं, ते तुला कळायला अजून वेळ आहे. तोवर चीड माझ्यावर. हक्क आहे तुझा.

आता ऐक. डॉक्टरांनी फोटो काढले. सांध्याखालचं हाड जंतूंनी खाल्लं आहे. जानेवारीत कळलं असतं तर बहुतेक एका ऑपरेशनमध्ये भागलं असतं, असं ते म्हणाले. हे त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं आणि या वेळी आजी म्हणाले नाहीत. आता सहा एप्रिलला सांधा काढणार. त्याच्या जागी औषध भरलेला सिमेंटचा ठोकळा ठेवणार. मग दोन-अडीच महिने जंतू मरेपर्यंत पाय सरळ, गुडघा वाकवायचा नाही, जमिनीवर टेकवायचा नाही. मग दुसरं ऑपरेशन, नवीन सांधा. तोही बसेल याची खात्री कुणी देत नाही. हाड किती उरलं आहे ते उघडल्यावर कळेल.

कोण चुकलं त्याचा हिशोब मी बऱ्याचदा मांडून बघितला. मी खोडलं, त्याने विचारलं नाही, डॉक्टरांनी वाचलं नाही, मग मी लपवलं आणि तू बघितलं नाहीस. कुठूनही सुरू केलं तरी पाय माझाच निघतो.

मला भीती वाटते. तिसरा मजला आहे, घरात कुणी नाही, आणि अडीच महिने मला एकटीला जमणार नाही. हे वाक्य लिहायला तीन दिवस लागले. पत्र सोमवारीच संपलं होतं.

आत्या

*

३१ मार्च

आत्या,

रजा मंजूर झाली. तीन महिने. पाच तारखेला सकाळी पोचते.

मी अजून रागावलेली आहे, तेव्हा फार बोलेन असं समजू नकोस. ऑपरेशननंतर ड्रेसिंग बदलताना पाय हलायला नको असतो, म्हणून कुणीतरी टाच आणि पोटरी दोन्ही हातांनी उचलून धरायची असते, पंधरा-वीस मिनिटं. नर्सला तेवढा वेळ नसतो.

तुझे पाय मी कधी धरले नाहीत. आता धरीन.

ठिणगी